पाच तरी आणि एक नस्ती

महसूल खात्याच्या कचेरीत ३४ वर्षे कारकुनी केलेला मनुष्य सहलीला निघतो, तेव्हा तो आधी बॅग भरीत नाही. आधी नस्ती उघडतो. 'विषय : अलिबागेहून सागरी मार्गाने, मधल्या चार खाड्या तरीने ओलांडून, मांडवी नदीतील दिवाडी बेटापर्यंत सहकुटुंब जाणेबाबत' ही मथळ्याची ओळ मी दिवाळीच्या पाडव्याला लिहिली आणि नाताळच्या आत तिच्याखाली बावीस पानांची टिपणी साचली. 'बाबा, रस्ता मोबाइल सांगतो,' असे चिरंजीव म्हणाले. सांगत असेल, पण मोबाइलला मंजुरी कोणी दिली, हे तो सांगत नाही.

हा खटाटोप करावा लागतो, त्याचा दोष माझ्या स्वभावाइतकाच कोकणच्या भूगोलाकडे जातो. रेवसपासून रेड्डीपर्यंत समुद्राकाठाने सलग महामार्ग व्हावा, ही तजवीज बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळापासून ऐकतो आहे. परंतु सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळण्यापूर्वी ऐसपैस खाडी करून बसते, आणि खाडीवर पूल नसला की रस्ता निमूटपणे धक्क्यावर येऊन थांबतो. मग मोटारीने बोटीत बसावयाचे. या बोटीला हल्लीची मंडळी जंगल जेटी म्हणतात; आमच्या लहानपणी तिला तर म्हणत, आणि मोटारीऐवजी तिच्यात बैल चढत. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा या चार तरी. पाचवी जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणारी.

आता तर म्हटली की भरती-ओहोटी आली. त्यासाठी छापील तक्ते मिळतात, पण ज्याला पाऊणकी पाठ आहे त्याने तक्ते विकत घेणे हा सरकारी पैशाचा, म्हणजे या प्रसंगी माझ्या पैशाचा, अपव्यय होय. कोकणातला ढोबळ हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची घटका निघते : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. या आधारे मी पाचही धक्क्यांवर पोहोचण्याच्या वेळा मिनिटांसह काढल्या, न्याहारीस वीस मिनिटे आणि 'अनपेक्षित' या सदराखाली दहा मिनिटे अशी तरतूद केली, आणि मसुदा स्वयंपाकघरात सहीसाठी पाठवला. कुटुंबाने तो वाचला नाही, पण त्याच्यावर गरम कढई ठेवली. ती खूण मी संमती समजलो.

हरकत आली ती मातोश्रींकडून. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट मांडव्याला उतरवणारी मोठी बोट २०२० पासून सुरू आहे, तेव्हा श्रीगणेशा तिच्यापासूनच करावा, असे कलम एकमध्ये मी लिहिले होते. आईने चष्मा लावून तेवढे एकच कलम वाचले आणि म्हणाली, "ती वाट नको."

१७ जुलै १९४७. दिवस आषाढी अमावास्येचा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकापाशी कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आई तेव्हा आठ वर्षांची होती; शेजारचे काका सणाला यावयाचे होते, आणि तिचे वडील रात्रभर रेवसच्या बंदरावर कंदील घेऊन उभे होते. पहाटे ते घरी आले, कंदील विझवावयाचा विसरून तसाच ओटीवर ठेवला, आणि उजाडल्यावरही तो बराच वेळ जळत होता. एवढेच ती सांगते. याच्या पुढचे तिने मला आजवर सांगितलेले नाही.

मी कलम एक खोडले. बाजूला 'रद्द' असे लिहिले. कारण लिहिले नाही. पेण-वडखळवरून अलिबागेस यावयाचे ठरले. थोड्या वेळाने आईच म्हणाली, "खाड्यांचे चालेल. पण बोटीत गाडीच्या काचा उघड्या ठेवायच्या. सगळ्या." हे तेविसावे पान.

त्याप्रमाणे जानेवारीत आम्ही चार खाड्या ओलांडल्या. जंजिरा लांबून पाहिला; जो किल्ला शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज या दोघांच्याही हाती आला नाही, तो माझ्या वेळापत्रकातील अकरा मिनिटांत हस्तगत होण्याची चिन्हे नव्हती. हरिहरेश्वरी दर्शन झाले, दाभोळला मासळीचा वास आला, गुहागरला उकडीचे मोदक मिळाले. चारही तरींवर उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने गाडी भरून जात असे, चिरंजीव वातानुकूलनाच्या कळीकडे आशाळभूतपणे पाहत, आणि आई मागच्या खिडकीची कड दोन्ही हातांनी धरून पैलतीर लागेपर्यंत एक अक्षर बोलत नसे.

मोटार चारही वेळा चिरंजीवांनी चढवली आणि उतरवली, हे येथे नमूद करणे भाग आहे. कारण पणजीस पोहोचल्यावर त्यांना कचेरीचा काही निकडीचा फोन आला, ते खोलीतच थांबले, आणि पाचव्या तरीसाठी चाक माझ्या हाती आले. आता एक कबुलीजबाब. मला मोटार मागे घेता येत नाही. परवाना आहे, परीक्षेच्या दिवशी ती मागे गेली होती, पण ती जागाच उतरती होती. तेव्हापासून माझे सारे सामाजिक जीवन हे वैगुण्य लपवण्याभोवती रचले गेले आहे : लग्नाला मी मुहूर्ताच्या दोन तास आधी जातो, ते वधूवरांवरील लोभामुळे नव्हे, तर सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी जागा मिळावी म्हणून. तेवीस पानांच्या त्या नस्तीत पंक्चर, पित्त, पाऊस आणि पाहुणे या सर्वांची तरतूद होती. पण या फेरीबोटीत गाडी उलटी चढवावी लागेल, ही शक्यता एका ओळीतही नव्हती.

जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरून आम्ही धक्क्यावर आलो, तेव्हा खलाशाने हात हलवला. ते स्वागत समजून मी पुढे आलो. त्याने हात आणखी जोराने हलवला आणि तो ओरडला, "फाटीं! फाटीं!" कोकणीतला हा शब्द मला कळला, आणि कळला नसता तर बरे झाले असते.

शिवाय भरती आमच्या न्याहारीसाठी थांबली नव्हती. वीस मिनिटांच्या तरतुदीत कुटुंबाने पावभाजीवर पाऊण तास काढला आणि भाजी कशात शिजवली याची चौकशी अलाहिदा केली; परिणामी पाणी उतरले होते, उतार तीव्र झाला होता, आणि त्याच्या खालच्या हातभर भागावर शेवाळ हिरवेगार चमकत होते. पहिल्या प्रयत्नात गाडी कठड्याकडे गेली. दुसऱ्या प्रयत्नात ती कठड्याकडेच गेली, पण दुसऱ्या. तिसऱ्या वेळी ती उतारावर बरोबर आडवी झाली, आणि मागे बोट, पुढे स्कूटरींची रांग, अशा अवस्थेत मी दिवाडी बेटाचा जगाशी असलेला संबंध एकहाती तोडून बसलो. आतल्या यंत्राने भेसूर टिटवीसारखे ओरडावयास प्रारंभ केला. "अहो, उजवीकडे!" असे कुटुंब म्हणाले, पण ते गाडीच्या मागे, माझ्याकडे तोंड करून उभे असल्याने ही उजवी कोणाची, हा मालकी हक्काचा वाद उपस्थित झाला. टोपलीवाल्या दोन मासळीवाल्या, पांढऱ्या झग्यातले एक पाद्री आणि सायकलवर पाव घेऊन निघालेला एक पोदेर, या सर्वांनी आपापल्या हातांनी निरनिराळी चाके हवेत फिरवून दाखवली. आणि ज्या भोंप्याने तो पोदेर एरवी गावाला पाव आल्याची वर्दी देतो, तो त्याने माझ्यासाठी दोनदा वाजवला.

सल्ला देणाऱ्यांचा मला संताप येतो. कचेरीतही येई. ज्याने जन्मात सातबाऱ्याचा उतारा काढला नाही तो मला उताऱ्याविषयी सांगे, आणि आता हे उताराविषयी सांगत होते! मी काचेतून डोके काढून, "मग तूच ये चालवायला!" असे कुटुंबाला उद्देशून इतक्या मोठ्याने म्हणालो, की पाद्र्यांनी नजर नदीकडे वळवली. मागच्या सीटवरून आई शांतपणे म्हणाली, "अरे, तिच्यावर कशाला ओरडतोस? ती पाण्यात उभी आहे." खरेच उभी होती, गाडी घसरू नये म्हणून चाकामागे ठेवायला एक दगड घेऊन, चपला हातात धरून, घोटाभर पाण्यात.

मी उतरलो. खलाशाने काही न बोलता किल्ली घेतली, अनवाणी आत बसला, कोपर खिडकीबाहेर टेकवले, आणि एका हाताने, आठवडाभराची भाजी टोपलीत टाकावी तितक्या सहजतेने, गाडी बोटीत नेऊन ठेवली. पाचव्या मिनिटाला दिवाडी आले. गाडी सरळ उतरली. तेवढे मी केले.

बेट सुंदर आहे. टेकडीवर पिएदादचे चर्च, खाली खाजणातली भातशेते, जुनी पोर्तुगीज धाटणीची घरे. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात येथलेच. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे गेला, आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. ही माहिती मी मोठ्याने वाचून दाखवली, परंतु कोणी ऐकले नाही, कारण मीही ऐकत नव्हतो : माझ्या मनात एवढेच होते, की या बेटाला पूल नाही, आणि परतीच्या बोटीवर बहुधा तोच खलाशी असेल.

त्याने गाडी पुन्हा चढवून दिली असती, यात शंका नाही. पण चार वाजता मी चिरंजीवांना फोन केला आणि 'बेट पाहण्यासारखे आहे, तूही येऊन जा' असा मजकूर सांगितला. ते पायी प्रवासी म्हणून साडेपाचच्या बोटीने आले, माझ्याकडे पाहून त्यांनी काही विचारले नाही, आणि किल्लीसाठी हात पुढे केला. हा गुण त्यांच्या आईचा.

ते येईपर्यंत आई धक्क्यावरच्या पारावर बसून बोटी मोजत होती. सात झाल्या, म्हणाली. परतीच्या तरीत गाडी उलटी चढली, फळी वर ओढली गेली, नदीवर संध्याकाळचा गारवा उतरला होता. मी शिरस्त्याप्रमाणे चारही काचा खाली केल्या.

"काच वर कर रे," आई म्हणाली, "वारा लागतोय."