क्वांटमचे स्पेलिंग

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावात दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोराच्या हाती अकरावी विज्ञानात इंग्रजी पुस्तक पडते. बारावीला फोटोइलेक्ट्रिक इफेक्टची व्याख्या त्याला स्पेलिंगसकट तोंडपाठ होते. प्रकाश प्रखर केला तरी सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा कमाल वेग का वाढत नाही, हे विचारायची मात्र सोय नाही. विचारायचे तर इंग्रजीत, आणि तेवढी वाक्ये शिकवणीच्या फीमध्ये बसत नाहीत. प्लांकने 1900 साली, आइन्स्टाइनने 1905 साली आणि हायझेनबर्गने 1925 साली क्वांटमचे विचार जर्मनमध्ये मांडले. इंग्रजीवाचून बिचाऱ्यांचे फारच अडले असणार!

‘पण पुढे स्पर्धा इंग्रजीतच ना?’ असे पालक म्हणतील. नीट आणि जेईई मेन या परीक्षा आता मराठीतही देता येतात. संशोधन इंग्रजीत वाचावे लागते, हे खरे. म्हणून इंग्रजी शब्द हवेतच, पण समजलेल्या गोष्टीला नाव म्हणून. क्वांटम मेकॅनिक्सऐवजी ‘पुंजयामिकी’ घोकून घेणाऱ्या मराठी अभिमान्यांनीही खूश होऊ नये, घोकंपट्टी तीच. आणि स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगरतो असे समजणारा इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थीही त्याच रांगेत आहे. फक्त त्याचा टाय नीट बसलेला असतो.