घे, घ्या, घेता का साहेब

मराठीचा आज्ञार्थ शिकवायला शाळेच्या पुस्तकापेक्षा पुण्यातला एखादा मोठा चौक बरा. सकाळी साडेदहाला अलका टॉकीजच्या चौकात पंधरा मिनिटं उभं राहिलं, तरी एकाच क्रियापदाची सगळी रूपं कानावर पडतात. पाठीवर चौकोनी पिशवी अडकवलेला डिलिव्हरीवाला पोरगा आला की वाहतूक पोलीस मामा ओरडतात, ‘ए, घे बाजूला!’ त्याच्यामागून सोसायटीचं स्टिकर लावलेली जुनी मारुती आली की ‘घ्या, घ्या, बाजूला घ्या.’ मग येते ट्रकएवढ्या उंचीची पांढरी गाडी. काचांना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच बंदी घातलेली काळी फिल्म आणि पाटीवर ८०५५ हा आकडा असा वळणदार, की इंग्रजीत ‘बॉस’ वाचता यावा. मामांचा वर गेलेला हात अर्ध्यावर घुटमळतो आणि तसाच टोपी सारखी करायला वळतो. मामा फारच कर्तव्यदक्ष असले, तर पुटपुटतात, ‘साहेब, जरा घेता का?’

गुन्हा तिघांचाही तोच. पुढचं चाक झेब्रा पट्ट्यांवर.

गाडीवाल्याचं व्याकरणही काही कमी नाही. पांढरा शर्ट आणि खाकी पँट दिसली, की त्याच्या तोंडात आधी ‘मामा’ येतो. मामा म्हणजे आईचा भाऊ. त्याच्या गावाला जायचं ते लाड करून घ्यायला, आणि चौकातल्या मामांकडूनही तीच अपेक्षा. पीयूसी संपली असेल तर मामांचे ‘काका’ होतात. लायसन्सच घरी राहिलं असेल तर ‘साहेब’. आणि खिशातल्या मोबाइलवर नगरसेवकाचा नंबर सापडला, की हेच साहेब दोन सेकंदांत ‘ए हवालदार’वर उतरतात. वाहतूक शाखेत शिपायापासून निरीक्षकापर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत. पण फोन लागलेल्या माणसाला समोरचा प्रत्येक जण हवालदारच दिसतो. ‘तुझा बकल नंबर सांग’ हे वाक्य त्यानंतर येतं. त्याला पलीकडून ठरलेलं उत्तर आहे, ‘तीनशे त्रेपन्न लावीन.’ सरकारी कामात अडथळा आणल्याचं, म्हणजे अंगावर धावून जाण्याचं हे कलम. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत त्याचा आकडा १३२ झाला. पण धमकीच्या चालीत ‘एकशे बत्तीस’ काही बसत नाही. जुन्या आकड्याला वजन होतं.

आता हे सगळं चालू असताना कायदा कुठे असतो? तो असतो, फक्त त्याला कोणी विचारत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं, तर चालकाने लायसन्स दाखवायचं. केंद्रीय नियम १३९ प्रमाणे कागद मोबाइलमधल्या डिजिलॉकरवर दाखवले तरी चालतात आणि जवळ नसले, तर हजर करायला पंधरा दिवसांची मुदत मिळते. कलम २०६ लायसन्स ताब्यात घ्यायला आहे, २०७ गाडी अडकवून ठेवायला. स्कूटरची चावी उपटून खिशात टाकण्याचं कलम मात्र अख्ख्या कायद्यात कुठेच नाही. तरी चौकात पहिली हालचाल होते ती चावीच्या दिशेनेच. तीही दुचाकीच्या, कारण ती हाताच्या टप्प्यात असते. महागड्या गाडीला चावी फिरवावी लागत नाही, बटण दाबलं की सुरू. शिवाय काच वर असते, एसी चालू असतो आणि आत कोण बसलंय याचा अंदाज यायच्या आत सिग्नल हिरवा होतो. कायद्याचे हात लांब असतात म्हणतात. पुण्यात मोजले, तर ते साधारण ॲक्टिव्हाच्या चावीपर्यंत पोचतात.

टोइंगच्या टेम्पोचा हात त्याहून लांब. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्याच्या नाना पेठेत तर मोटारसायकल तिच्यावर बसलेल्या मालकासकट उचलली गेली. माणूस अधांतरी, गाडी अधांतरी, खाली मोबाइल काढून चित्रण करणारी गर्दी. त्याआधी नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला मागच्या सीटवर एक आई बाळाला दूध पाजत असताना मोटार ओढून नेली होती. चित्रफीत फिरली तेव्हा संबंधित पोलीस निलंबित झाला. दोन्ही प्रसंगांत नियमाचं पुस्तक उघडलं, तर नो पार्किंगचा मुद्दा कदाचित बरोबरही निघेल. गाडीत किंवा गाडीवर माणूस आहे, एवढीच किरकोळ बाब नजरेतून सुटली.

इथवर वाचून ज्या वाचकांनी मान डोलावली असेल, त्यांनी जरा थांबावं. बाजूला घ्यावं.

एप्रिल २०२३ मध्ये वाशीला एका वाहतूक शिपायाने मोटार अडवायचा प्रयत्न केला. चालकाने गाडी अंगावर घातली, शिपाई बॉनेटवर आडवा झाला, आणि गाडी तशीच उरणच्या दिशेने सुमारे वीस किलोमीटर पळाली. चालक नशेत होता, असं पोलिसांनी सांगितलं. वीस किलोमीटर म्हणजे स्वारगेटहून निघून खडकवासल्याचं धरण मागे टाकण्याइतकं अंतर. तेवढा वेळ तो माणूस बॉनेटवर, वाऱ्यात. तो वाचला. ऑगस्ट २०१६ मध्ये खारच्या पेट्रोल पंपापाशी बिनहेल्मेटच्या अल्पवयीन मुलाला अडवणारा हवालदार वाचला नाही. मुलाने थोरल्या भावाला बोलावून घेतलं, भावाने मागून डोक्यात लाकूड घातलं आणि आठवड्याभराने हवालदाराने रुग्णालयात प्राण सोडले. अडवलं होतं कशासाठी, तर डोकं फुटू नये म्हणून.

त्या हेल्मेटचा तर पुण्याला वेगळाच इतिहास. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी सक्ती सुरू केली, तेव्हा पुणेकर डोक्यावर पगड्या चढवून मोर्चाला निघाले. डोक्यावर काही घालायला या शहराची कधीच हरकत नव्हती. ते दुसऱ्याने सांगितलेलं नको होतं. २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली, हा केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा आकडा. चौकातल्या अर्ध्या तासाच्या हुज्जतीत तो एकदाही कोणाच्या तोंडी येत नाही. पोलीस म्हणत नाही, की बाबा रे, मरशील. चालक विचारत नाही, की माझं नेमकं चुकलं काय. दोघांचा वाद एकाच गोष्टीवर, ‘मला अरेतुरे का केलंस?’

पोलीस मध्ये नसला, की हेच व्याकरण चाकांवरून थेट हातावर येतं. जुलै २०२४ मध्ये पाषाण-बाणेर लिंक रोडवर दोन मुलांना घेऊन स्कूटरवरून निघालेल्या बाईने मागच्या मोटारीला पुरेशी लवकर वाट दिली नाही. मोटारीतून एक ज्येष्ठ गृहस्थ उतरले आणि त्यांनी तिच्या नाकावर ठोसा मारला. पुढच्याच महिन्यात घाटकोपरला एका कॅबचा ऑडीला मागून हलकासा धक्का लागला. ऑडीवाला उतरला, कॅबचालकाला उचललं आणि जमिनीवर आपटलं. सीसीटीव्हीत ते इतकं सराईतपणे दिसतं, की जणू टायर बदलायचा होता. ऑडीच्या रंगाचं जे काही झालं असेल, ते गॅरेजमध्ये अर्ध्या दिवसाचं काम. ऑक्टोबरमध्ये मालाडला रिक्षाच्या ओव्हरटेकवरून जुंपली, तेव्हा तरुण मुलाला जमावाच्या मारातून वाचवायला आई त्याच्या अंगावर आडवी पडली. मुलगा गेला. या प्रसंगावर विनोद करण्याची या सदराची तयारी नाही.

गंमत एवढीच, की ‘रोड रेज’ हा शब्द मराठी पेपरांत रुळला, कायद्यात मात्र त्या नावाचा गुन्हा नाही. मारहाण आहे, धमकी आहे, खून आहे. ‘माझ्या गाडीची किंमत तुझ्या गाडीपेक्षा जास्त असताना तू पुढे गेलास’ या अपमानाला कलम नाही, म्हणून बिचारे लोक शिक्षा स्वतःच देतात.

आणि ज्याच्यासमोर सगळं व्याकरण हात बांधून अदबीने उभं राहिलं, ती गाडी होती पोर्शे. १९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर, सतरा वर्षांचा चालक, दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते ठार. बाल न्याय मंडळाने मुलाला काही तासांत जामीन दिला. अटी दोन लक्षात राहिल्या. एक, अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध. दुसरी, वाहतूक पोलिसांबरोबर पंधरा दिवस काम. म्हणजे बिनहेल्मेटच्या पोराची चावी काढून घेणाऱ्या मामांना मदतनीस म्हणून हा मिळणार होता. गदारोळ झाला, आदेश बदलला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. अपघाताची खबर नियंत्रण कक्षाला वेळेवर न दिल्याबद्दल येरवड्याचे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. त्या रात्री त्या मुलाला ‘ए’ म्हटलं गेलं की ‘बाळा’, याची नोंद मात्र कोणत्याच कागदात सापडत नाही.

या मानापमानातून सुटायला सरकारने यंत्रं आणली. मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये ई-चलन सुरू झालं. कॅमेरा ‘ए’ म्हणत नाही आणि ‘साहेब’ही म्हणत नाही, मोबाइलवर गुपचूप संदेश येतो. लोकांना हे सगळ्यात जास्त झोंबलं. यंत्राला मामा म्हणता येत नाही, शंभराची नोट पुढे करता येत नाही, ‘ओळखलं नाही वाटतं’ असं विचारावं तर त्याने नंबर पाटीवरून केव्हाच ओळखलेलं असतं. मग लोकांनी साधा उपाय काढला, पैसेच भरायचे नाहीत. लोकअदालत लागते तेव्हा दंडात सूट मिळते, हे एव्हाना बाजारातल्या सेलइतकं माहीत झालंय. पोलिसांनी आपला उपाय काढला. कॅमेरा पुरत नसेल, तिथे स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून चलन. अखेर खाजगी मोबाइलवर असे फोटो काढू नका, असं परिपत्रक वरिष्ठांना काढावं लागलं.

जानेवारी २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी दाखवलेला प्रयोग मात्र खरा रसिकाचा. काही सिग्नलच्या खांबांना आवाज मोजणारं यंत्र लावलं. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. जेवढं वाजवाल, तेवढं थांबाल. चित्रफितीत मर्सिडीजवाला आणि रिक्षावाला एकाच चेहऱ्याने त्या परत वाढलेल्या आकड्याकडे बघत बसलेले दिसतात. शहराने ती चित्रफीत मनापासून पुढे पाठवली आणि दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजवत कामाला गेलं.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने २१० ब नावाचं एक छोटंसं कलम घातलं आहे. कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला, तर त्याला दुप्पट दंड. ते वाचलं गेलं असेल असं मानायला जागा आहे.

संध्याकाळी सात. मामांची ड्युटी संपते. पांढऱ्या शर्टावर जर्किन चढतं, टोपी डिकीत जाते, हेल्मेट कोपरात अडकतं आणि मोटारसायकल सुटते. दोन चौक पुढे नवी भरती झालेला, अजून मिसरूड नीट न फुटलेला शिपाई आडवा येतो.

‘ए, घे बाजूला! हेल्मेट कुठंय?’

मामा गाडी थांबवत नाहीत, नुसती हळू करतात.

‘स्टाफ.’

शिपायाचा हात खाली येतो. ‘सॉरी सर,’ तो म्हणतो, ‘जावा, जावा.’ आणि मामांच्या मागोमाग, त्यांच्याच वेगाने, बिनहेल्मेटचा एक डिलिव्हरीवाला पोरगा निसटायला बघतो.

‘ए!’