यार्देनकाठचे मामा

वानलेसवाडीतल्या आमच्या मामांनी आयुष्यात ओलांडलेली सर्वांत मोठी नदी कृष्णा. तरी सकाळी फाटकाशी भेटले की म्हणणार, "आपल्याकडं काल रात्रभर भोंगे वाजत होते." हे आपल्याकडं म्हणजे सांगली-मिरज नव्हे, इस्राएल.

मामा निवृत्त मास्तर, मंडळीतले वडीलधारे. त्यांच्या आजोबांना डॉ. वॉनलेसच्या मिरजेतल्या दवाखान्यात, म्हणजे 1894 साली निघालेल्या मिशन हॉस्पिटलात, नोकरी होती. भूगोल मात्र त्यांनी पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पानांवरून घेतला. तिथला बारा वंशांचा नकाशा घडीवर फाटलाय, मागून डिंकाने कागद लावलाय. पेपर वाचून झाला की भिंग काढून मामा आजची लढाई त्या नकाशात शोधतात. पेपरातला गाझा तिथे 'गज्जा' आहे. शमशोनाने वेशीचे दरवाजे खांद्यावर टाकून नेले ते गाव. "तेव्हापासनं तिथं दारावरूनच भांडण आहे बघ," मामा म्हणतात. मला अजून कळलेलं नाही, हा विनोद होता की अभ्यास.

साताऱ्याला मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीत माझ्या शेजारी बसले. रश्श्याचा ओघळ यार्देन, मिठाची चिमूट क्षारसमुद्र, आणि भाताचा ढीग यहूदाचा डोंगराळ प्रदेश. वाढप्याने त्या डोंगरावर वाटीभर रस्सा ओतला तेव्हा मामा असे ओरडले की नवरीकडची दोन माणसं धावत आली.

पोस्टकार्डं हे दुसरं व्यसन. दिल्लीला, पंतप्रधानांना. इंदिराबाईंपासून कुणालाच सोडलेलं नाही. भारताने इस्राएलला मान्यता दिली 1950 ला आणि वकिलात थाटायला परवानगी दिली 1992 ला. "साखरपुडा करून 42 वर्षं पोरगी घरात बसवली! शेवटी नरसिंह रावांनी माझं कार्ड वाचलं." कुणी पुरावा मागितला की स्तोत्र 122 उघडून पुढे सरकवतात. तिथे यरुशलेमेसाठी प्रार्थना करायला सांगितलंय. नरसिंह रावांचं नाव मला काही सापडलं नाही.

यावर उत्तर एकच माणूस देतो. मिरजेत तंबोरे करणारे चाचा. शुक्रवारी मशिदीत चाचांची दुआ पॅलेस्टाईनसाठी, रविवारी चर्चमध्ये मामांची इस्राएलसाठी, आणि सोमवारी दोघांचा चहा एकत्र. "मास्तर, आमचं लग्न 1988 लाच लागलं," चाचा भोपळा घासता घासता म्हणतात. पॅलेस्टाईनला भारताने त्या साली मान्यता दिली. "दिल्लीवाले दोन्ही मांडवांत जेवतात!" मामा चिडतात, चहाचे पैसे मात्र तेच देतात.

ऑक्टोबर 2023 मधल्या एका सोमवारी चाचांनी पेपर पुढे केला. गाझातल्या संत पॉर्फिरियसच्या चर्चच्या आवारात आसरा घेतलेली माणसं इस्राएलच्या हवाई हल्ल्यात मेली होती. मामांनी बातमी दोनदा वाचली. "गज्जात आपलं चर्च आहे?" चाचा काही बोलले नाहीत. घरी येऊन मामांनी भिंग काढलं. नकाशात चर्च कुठून असणार!

त्या रविवारी मध्यस्थीची प्रार्थना मामांकडेच होती. ही प्रार्थना म्हणजे पाऊण तासाची निश्चिंती. पाळकसाहेब डोळे मिटून, खुर्चीला टेकून बसतात. मामांनी आजाऱ्यांची नावं घेतली, पावसासाठी मागितलं, मग यरुशलेमपाशी आले. "आणि हे प्रभू, गज्जा..." एवढं म्हणून थांबले. बराच वेळ पंखाच ऐकू येत होता. मग "आमेन" म्हणून खाली बसले.

पाळकसाहेबांचे डोळे अजून मिटलेलेच होते.