दाखला आणि दिवा

माझ्या मोटारीस गेल्या चैत्रात पंधरा वर्षे पूर्ण झाली. आणि नोंदणीची ही मुदत संपली की वाहन सुदृढ असल्याची खातरजमा करून घेऊन सरकारदरबारातून पुढील ५ वर्षांची मुदतवाढ मिळवावी लागते हे ठाऊक असूनही मी तोवर तिच्या मुखाकडे कधी निरखून पाहिलेच नव्हते. पाहिले तेव्हा कावीळ झालेला गृहस्थ अंगणात खुर्ची टाकून बसावा तशी ती बसलेली दिसली. त्यातही उजवा डोळा अधिक पिवळा, कारण डाव्यावर कडुनिंबाची सावली पडते आणि उजवा बारा महिने पश्चिमेच्या उन्हात तैनात असतो. रात्री त्या दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी दिव्यांतच वस्तीला राहत असे. परंतु अंधारात चाचपडत घरी येण्याची माणसाला सवय होते, तपासणीची मात्र होत नाही.

असे प्रकरण उद्भवले की आमच्या इमारतीत ते तळमजल्यावरील अण्णांपुढे ठेवण्याची वहिवाट आहे. अण्णा अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले असून, साहेबांचा दौरा लागला की आदल्या रात्री कचेरीच्या भिंतींवरून चुन्याचा हात फिरविणे, कुंड्यांना गेरू फासणे आणि जुनी दप्तरे नव्या रुमालांत बांधणे, या कलांत त्यांची हयात गेली आहे. माझी कैफियत पुरती ऐकून न घेताच त्यांनी तोंडी हुकूम फर्मावला, "टूथपेस्ट लावा." तिसऱ्या मजल्यावरील एका उत्साही तरुणाने डास पळविण्याचा फवारा सुचविला होता, त्यातील एका द्रव्याने प्लॅस्टिकचा पृष्ठभागच विरघळतो आणि ती विरघळलेली लकाकी क्षणभर आरोग्यासारखी दिसते, हे कळल्यावर ती सूचना मी दप्तरी दाखल केली.

खेदाची गोष्ट अशी की टूथपेस्ट लागू पडली. तिच्यात दात घासण्यासाठी खडूची वा सिलिकाची अतिसूक्ष्म पूड असते, आणि ती पूड दात व दिवा असा भेद करीत नाही. पाऊण ट्यूब आणि अर्धे जुने धोतर खर्ची पडल्यावर मोटार लग्नघरातल्या वरमाईसारखी प्रसन्न दिसू लागली. तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याने दिवे लावावयास सांगितले, ते लागले; विझवावयास सांगितले, ते विझले; आणि शेरा पडला. दाखला ५ वर्षांचा मिळाला. टूथपेस्टची मुदत मात्र श्रावणातच संपली.

आता या व्याधीचे मूळ सांगणे प्राप्त आहे. आपण अद्याप हेडलाइटची 'काच' म्हणतो, परंतु ती काच फियाट आणि अँबॅसडर यांच्याबरोबरच गेली. अमेरिकेत १९४० पासून सर्व मोटारींना ठरावीक मापाच्या, काचेच्या मोहोरबंद दिव्यांची सक्ती होती. ही सक्ती शिथिल करण्यासाठी फोर्ड कंपनीने केलेला अर्ज १९८३ साली मंजूर झाला, १९८४ ची लिंकन मार्क सेव्हन नवे दिवे लेवून बाहेर पडली, आणि त्या वाटेने पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक काचेच्या गादीवर बसले. हलके, हव्या त्या आकारास वळणारे, दगड लागला तरी सहसा न फुटणारे. परंतु ओरखड्याला भित्रे आणि उन्हातील अतिनील किरणांपुढे हतबल. म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ, पारदर्शक, कठीण लेप चढवितात. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्याची कोणी विचारपूसही करीत नाही. उन्हे अंगावर घेऊन तो झिजला, ठिकठिकाणी सुटला, म्हणजे खालचे प्लॅस्टिक पिवळे पडते, आणि आपण मळ घासतो आहोत अशा समजुतीने त्या थकलेल्या पहारेकऱ्याचे उरलेसुरले अवशेषही पुसून काढतो. माझ्या टूथपेस्टने नेमके हेच केले होते.

आश्विनातील एका रविवारी मी खरे काम आरंभिले. दिवे धुतले, भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप चिकटविली आणि डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून आणलेला हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून आडवा फिरवू लागलो. प्रथम पिवळट पाणी गळते. ते पांढरे होईपर्यंत हात थांबवायचा नसतो. त्यानंतर जे घडते त्याची पूर्वसूचना मला कोणी दिली नव्हती: दिवा स्वच्छ न होता दुधासारखा आंधळा होतो. माझ्या धर्मपत्नीने गच्चीतून हे दृश्य पाहिले आणि काहीही न बोलता ती आत गेली, यावरून परिस्थितीचे गांभीर्य ध्यानी यावे. पुढे पंधराशे नंबर उभा, दोन हजार पुन्हा आडवा, तीन हजार, मग रबिंग कंपाउंड. दोन तासांनी त्या दुधातून आतला बल्ब, मोतीबिंदू काढलेल्या माणसाला नातू दिसावा तसा, दिसू लागला. एवढ्यावर थांबलो असतो तर ते महागडी टूथपेस्ट लावल्यासारखेच झाले असते. म्हणून मोटार सावलीत ढकलून अतिनील किरणांस अडविणाऱ्या क्लिअर कोटचे दोन पातळ हात दिले.

अण्णा संध्याकाळच्या फेरीस निघाले होते. ते थांबले, दिव्यात वाकून पाहिले आणि चिंतातुर स्वरात म्हणाले, "पुन्हा तपासणी निघाली की काय?"

मी नाही म्हणालो. दाखल्याची अजून साडेचार वर्षे शिल्लक आहेत, असेही सांगितले.

"मग?" अण्णा म्हणाले.