नियमानुसार मोडलेली ओळ

सॉफ्टवेअरमधल्या तक्रारीला मिळणारं सर्वांत सभ्य उत्तर म्हणजे ‘हे असंच अपेक्षित आहे’. तक्रारदार म्हणतो, ओळ भलत्याच जागी मोडते. प्रोग्रामर म्हणतो, ओळ बरोबर आहे, तुमची अपेक्षा चुकलीय. मग फाइल बंद. सरकारी कचेरीत यालाच ‘नियमात बसत नाही’ म्हणतात, फक्त तिथे चहा मिळण्याची शक्यता असते.

ग्नू इमॅक्स या जुन्याजाणत्या संपादकाचंच पाहा. 1985 सालापासून तो प्रोग्रामरांच्या घरोघरी आहे. परिच्छेद नीट लावायला सांगितलं की तो 70 रकान्यांच्या आत ओळी बसवतो. पण पूर्णविरामापुढे एकच स्पेस असेल, तर तिथे ओळ मोडायला तो साफ नकार देतो. वाक्य ऐन ओळीच्या टोकाला संपलेलं असतं, तरी हा बहाद्दर त्याचा शेवटचा शब्द उचलून खालच्या ओळीत नेतो आणि वरची ओळ दात पडल्यासारखी दिसते.

यामागे कारण आहे, आणि ते बिनतोड आहे, हाच खरा वैताग. टाइपरायटरवर वाढलेले अमेरिकन लोक वाक्य संपलं की दोन स्पेस देत. इमॅक्स त्याच पिढीचा. दोन स्पेस म्हणजे वाक्य संपलं; एक स्पेस म्हणजे ‘डॉ.’सारखं संक्षिप्त रूप. तिथे ओळ मोडली, तर पुढच्या खेपेला आपणच ते वाक्य संपलं असं धरून चालू, अशी त्याला भीती. जगाने दुसरी स्पेस कधीच सोडून दिली. सेटिंग बदलून इमॅक्सलाही ती सोडायला लावता येते, पण मुळात ते चालूच असतं. पु. ल. देशपांड्यांवर लेख लिहिणाऱ्याला मात्र हा हट्ट पथ्यावर पडतो. ‘पु.’ वर आणि ‘ल.’ खाली अशी ताटातूट होत नाही.

ओळीची रुंदी हा तर पिढीजात दावा. आयबीएमने 1928 साली 80 रकान्यांचं पंचकार्ड काढलं. कार्डं रद्दीत गेली, 80 राहिले. लिनक्सच्या कर्नलमध्ये 80 ओलांडणाऱ्या ओळीवर तपासनीस प्रोग्राम इशारा द्यायचा. 2020 च्या मे महिन्यात लिनस टोरवाल्ड्स यांनी ही सक्ती पुरे म्हटलं आणि इशाऱ्याची हद्द 100 वर गेली. शैलीच्या नियमावलीत मात्र पसंतीची मर्यादा 80 च ठेवली. म्हणजे 81 ते 100 या पट्ट्यातलं बांधकाम पाडणार नाहीत, पण नकाशातही दाखवणार नाहीत.

मराठीच्या वाट्याला आलेली मोडतोड याहून बारीक. मोबाइलच्या अरुंद चौकटीत लांब शब्द मावेना की काही प्रोग्राम तो जमेल तिथे तोडतात. जमेल तिथे म्हणजे एका अक्षराच्या शेवटी. आणि अक्षर कुठे संपतं हे युनिकोडची नियमावली सांगते. त्या नियमावलीच्या सर्वसाधारण हिशेबात पाय मोडलेल्या व्यंजनापाशी अक्षर संपत असे. त्यामुळे ‘राष्ट्रवादी’चे वर ‘राष्’ आणि खाली ‘ट्रवादी’ असे दोन गट पडायला वाव होता. वर ष बिचारा मोडक्या पायाने लटकलेला. तक्रार करावी तर प्रोग्राम नियमावलीकडे बोट दाखवायला मोकळा.

2023 च्या सप्टेंबरात युनिकोडची 15.1 आवृत्ती आली आणि देवनागरी जोडाक्षर हा एकच घटक मानावा असं ठरलं. त्याच वर्षी जुलैत राष्ट्रवादी पक्ष फुटला होता. शब्द फुटू नये याची तजवीज दोन महिन्यांनी झाली. नियम कागदावर आला, तरी जुन्या आवृत्तीवर चालणारे प्रोग्राम जुन्याच नियमाने तोडत राहतात, तेही रीतसर. नव्या नियमात देवनागरीखेरीज बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्या होत्या. कन्नड नव्हती. याचा सीमावादाशी काही संबंध नाही.