फ्लॅशचा लखलखाट

मालवणच्या जेटीवर तिन्हीसांजेला मिररलेस कॅमेऱ्यावर काडेपेटीएवढा फ्लॅश चढवून पाहुणे सिंधुदुर्ग किल्ला उजळायला निघतात. गाइड नंबर 20 म्हणजे आयएसओ 100 आणि एफ/4 ला उजेडाची धाव 5 मीटर. त्या टप्प्यात जेटीवरचं कुत्रं तेवढं उजळतं. 1664 साली पायाभरणी झालेल्या किल्ल्याला त्याची खबरही नसते.

दुकानदार म्हणतो, डोकं फिरणारा फ्लॅश घ्या, उजेड छतावरून उसळवा. अहो, छत कसलं? घरावर मंगलोरी कौलं. त्यांवरून परतलेला उजेड नवरीला तांबडीलाल करतो! जत्रेत तर वर नुसतं आभाळ. मग तोच फ्लॅश सरळ दशावतारी राजाच्या डोळ्यांत.

घ्यायचाच तर डोकं फिरणाराच घ्या. दशावताराला जाताना मात्र घरी ठेवा.