वरातीमागून काळा घोडा

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला दक्षिण मुंबईच्या एका चिमुकल्या कोपऱ्याला नऊ दिवस कलेचा ताप चढतो. रॅम्पार्ट रोवर गाड्यांना मज्जाव होतो, टेराकोटाच्या झुमक्यांचे स्टॉल लागतात आणि बदलापूर-बोरिवलीची जनता कुर्त्याला कडक इस्त्री करून गाडीत बसते. कलंदर व्हायचं, पण चुरगळायचं नाही, असा एकूण बेत असतो.

काळा घोडा महोत्सव सुरू झाला १९९९ साली. तेव्हा चौकात सगळं होतं, फक्त काळा घोडा नव्हता. अल्बर्ट ससून यांच्या पैशातून १८७९ साली उभा राहिलेला, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्येच भायखळ्याला राणीच्या बागेत, प्राणिसंग्रहालयाच्या आवारात, रवाना झाला होता. राजा गेला, गाड्यांना पार्किंग मिळालं. मुंबईत यापेक्षा शांततामय सत्तांतर झालेलं नाही. घोडा गेला तरी नाव काही हललं नाही. बसच्या कंडक्टरपासून वकिलापर्यंत सगळे नसलेल्या घोड्यापाशी भेटत राहिले.

अखेर २०१७ साली चौकात नवा घोडा आला. महोत्सवाची वरात अठरा वर्षं पुढे आणि घोडं मागून. म्हण इतकी तंतोतंत खरी करून दाखवणारं शहर दुसरं नसेल. नव्या घोड्यावर स्वार मात्र नाही. वसाहतवादी ओझं नको म्हणून पाठ मोकळी ठेवली. तेही योग्यच. एकदा कोणाला बसवायचं ठरलं असतं, तर समित्या, उपसमित्या आणि मोर्चे यांतच नऊ दिवस गेले असते.

आता प्रश्न वारशाचा. महोत्सव ज्या कलंदरीचा जयजयकार करतो, ती इथे खरोखर होती. हुसेन, सूझा, रझा, आरा यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं मुंबईतलं पहिलं प्रदर्शन १९४९ साली याच रॅम्पार्ट रोवर भरलं. त्यातले आरा कधीकाळी लोकांच्या घरी कामाला होते, गाड्या धूत होते. आज त्यांच्या चित्रांच्या किमतीत अशा कितीतरी गाड्या धुणाऱ्यासकट येतील.

जहांगीर आर्ट गॅलरीच्या अंगाला समोवार नावाचं उपाहारगृह होतं. रेल्वेच्या डब्यासारखं लांबट, अरुंद, बाजूला म्युझियमची हिरवळ. १९६४ पासून तिथे चित्रकार, नट आणि होतकरू प्रतिभावंत एका चहावर दुपार काढत. एका चहावर दुपार काढणारं गिऱ्हाईक हा कलेचा कणा असतो. धंद्याचा मात्र नव्हे. २०१५ मध्ये समोवार बंद झालं. आता महोत्सवात त्याच्या आठवणी निघतात, आणि त्या काढायला कॉफी घ्यावी लागते ती परवडेल त्याने घ्यावी.

कोपऱ्यावरच्या ऱ्हिदम हाऊसची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे तबकडी विकत घेण्याआधी ऐकून बघायची सोय होती. भीमसेन जोशींपासून बीटल्सपर्यंत सगळं फुकट ऐकून ‘पुढच्या महिन्यात घेतो’ म्हणत बाहेर पडलेल्यांची एक अख्खी पिढी आज संगीताची जाणकार म्हणून परिसंवादात बसते. २०१६ साली दुकान मिटलं. जागा एका हिरे व्यापाऱ्याकडे गेली, व्यापारी परदेशी गेला आणि तपासयंत्रणेची जप्ती आली. जन्मभर रेकॉर्ड विकणारं दुकान शेवटी स्वतःच सरकारी रेकॉर्डवर गेलं.

आणि वेसाइड इन हे उपाहारगृह? तिथल्या टेबलाशी गुरुवारी दुपारी अरुण कोलटकर बसायचे. घरी फोन न ठेवणाऱ्या या कवीला भेटायचं तर तिथेच गाठावं लागे. समोरच्या त्रिकोणी बेटावरचं भटकं कुत्रं, इडल्या विकणारी बाई, रस्ता झाडणाऱ्या बायका, सायकलचा जुना टायर असा सगळा ऐवज त्यांनी कवितेत घेतला. ‘काळा घोडा पोएम्स’ २००४ मध्ये आलं, त्याच वर्षी ते गेले. त्यांच्या कवितेतली माणसं महोत्सवात आजही असतात, पण कार्यक्रमपत्रिकेत नाही. पाहुण्यांनी टाकलेले कागदी कप गोळा करायला त्या बायका पहाटे येतात, तेव्हा सेल्फी काढणारं कोणी नसतं.

सेल्फीचं खातं मात्र बाकी वेळ जोरात चालतं. लोखंडी भंगारातून साकारलेल्या एखाद्या मांडणशिल्पासमोर रांग लागते. शेजारच्या फलकावर त्याचा आशय दिलेला असतो. तो वाचायला थांबणाऱ्याला मागचे ‘काका, फ्रेममधून बाहेर या’ म्हणतात. त्याच वेळी जहांगीरबाहेरच्या फुटपाथवर एक चित्रकार तीनपायी स्टुलावर बसून पेन्सिलीने एका बाईचं चित्र काढत असतो. हनुवटी झाली, कानातलं झालं, नाकाशी तो थबकतो. बाई म्हणतात, “जरा बारीक काढा.” तो खोडरबर उचलतो. प्रायोजकांची नीट जपणूक म्हणतात ती हीच.

रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद. हा नियमच आहे. एकेकाळी या वस्तीत कलंदरांची रात्र ज्या सुमाराला सुरू व्हायची, त्या सुमाराला आता निवेदिका सर्वांचे आणि प्रायोजकांचे आभार मानते. गर्दी स्टेशनाकडे वळते. घोड्यापाशी एक आजोबा नातवाला उचलून धरतात. पोरगं मोकळ्या पाठीकडे बराच वेळ बघतं.

“आजोबा, याच्यावरचा माणूस कुठे गेला?”

“राणीच्या बागेत.”

“कशाला?”

“पेंग्विन बघायला,” आजोबा म्हणाले आणि १०.२०ची फास्ट चुकेल म्हणून भरभर चालू लागले.